बोलणं बंद, शूटिंग चालू

कापूस वेचून आणला की आम्ही तो पुढच्या खोलीत टाकतो. एकेक बोंड हातात घ्या, वजन काहीच नाही. पण दिवाळीच्या पुढं ती खोली अशी भरते की दार उघडायला खांदा लावावा लागतो. किस्स्यांचंही तसंच आहे. आमच्या गावात एका उन्हाळ्यात हिंदी पिच्चरची शूटिंग झाली. रोज काही ना काही व्हायचं, आम्ही हसायचो नि सोडून द्यायचो. आता संध्याकाळी मारुतीच्या पारावर आमची ती पिच्चरची मंडळी बसली, की कोणी तरी दार ढकलतं आणि सगळा कापूस अंगावर येतो.

मी शाळा पाहिली ती बाहेरून. त्यामुळे माझं सांगणं जरा सावकाश असतं. घाई असेल त्यानं पुढच्या काळीपिवळीनं निघावं.

आधी घरचं सांगून घेतो, म्हणजे पुढं अडायचं नाही. गाव दर्यापुराकडचं. घरात मोठे भाऊ, त्यांना सारं गाव आप्पा म्हणतं. मी किसना, धाकटा. माझी एकुलती एक पोरगी रंजी, ती गावातच दिली, देवळापलीकडच्या गल्लीत. जावई अकोल्याला दालमिलमध्ये कामाला आणि रंजी इथं सासऱ्याजवळ. सासरा म्हणजे माझे इवाई, तुळशीराम.

रंजीच्या लग्नानंतर दुसऱ्याच पोळ्याला घोटाळा झाला. तोरणाखालून पहिली जोडी आमची की इवायांची, हा मानाचा वाद. तो सुटायच्या आतच तोरण तुटलं, दोन्ही जोड्या एकदम घुसल्या आणि शिंगांत शिंगं अडकली. बैलांनी आपापली शिंगं लगेच सोडवून घेतली. माणसांची अडकली ती अडकलीच. त्या दिवसापासून बोलणं बंद.

आमच्याकडे बोलणं बंद म्हणजे नुसतं गप्प बसणं नाही. त्या घरचं पाणी प्यायचं नाही, त्या घरचा उंबरा चढायचा नाही आणि काही सांगायचंच झालं तर तिसऱ्या माणसाच्या तोंडून सांगायचं. आप्पा म्हणाले, "त्या घरचं मानूस या दारात नाही." तिकडून इवाई म्हणाले, "माही सून त्या दारात जानार नाही." झालं. रंजीचं माहेर हाक मारली तर ऐकू येईल एवढं जवळ, आणि तिची माय तिला भेटायची दर्यापूरच्या बाजारात, कांद्याच्या ढिगाशी. नात चालायला लागली हेसुद्धा आम्हाला बंडूनं सांगितलं. बंडू काळीपिवळी, म्हणजे सवाऱ्यांची जीप, चालवतो. साऱ्या गावाच्या बातम्या त्याच्याच गाडीत बसून येतात.

आणि तो तिसरा माणूस म्हणजे मी. दोन्हीकडच्यांना चालायचो.

* * *

पिच्चरच्या मॅडमला गावात आणलं तेही बंडूनंच. मॅडम म्हणजे डायरेक्टर, तरुण पोरगी, डोक्यावर उलटी टोपी. पिच्चरची गोष्ट अशी, की दोन खानदानं, मध्ये एक विहीर आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर.

पारावर सगळे जमले. मॅडमनं विचारलं, "गाँव में कोई झगड़ा-वगड़ा तो नहीं है ना? शूटिंग में बहुत दिक़्क़त होती है."

पाराच्या एका टोकाला आप्पा, दुसऱ्या टोकाला इवाई, मध्ये मी. सगळं गाव जमिनीकडे पाहायला लागलं.

बंडू म्हणाला, "बिलकुल नहीं मॅडम. इतना शांत गाँव आपको मिलेगाच नहीं. इधर तो कोई किसी से बात भी नहीं करता."

मॅडमला गाव पसंत पडलं. एका खानदानासाठी आमचं घर ठरलं, कारण अंगण मोठं. दुसऱ्यासाठी इवायांचं, कारण त्यांचा लाकडी दरवाजा. आप्पा आधी नाही म्हणणार होते. पण इवाई हो म्हणाले हे कळलं आणि आप्पा मला म्हणाले, "त्याचं घर पिच्चरमंदी अन् आपलं काहून नाही?" इवाई आधी हो कशाला म्हणाले, तर त्यांना कोणी तरी सांगितलं होतं की आप्पा हो म्हणाले. हे सांगणारा कोण, ते बंडूला अजून आठवत नाही.

* * *

मग पारासमोर फेटे वाटले. एका खानदानाला पांढरे, एकाला लाल. आमच्या घरातलं खानदान पांढरं, इवायांच्या घरातलं लाल.

आता मॅडमला काय माहीत कोण कोणाचं. तिनं आम्हाला ओळीत उभं केलं, एकेकाचं तोंड पाहिलं आणि मिशीवाले लाल, बिनमिशीवाले पांढरे अशी वाटणी करून टाकली. आप्पांची मिशी म्हणजे गावाचा दागिना. आप्पा लाल! इवाई रोज दाढीमिशी करणारे, ते पांढरे. म्हणजे आप्पा बसणार इवायांच्या ओट्यावर आणि इवाई बसणार आमच्या अंगणात. मला मिशी आहे की नाही ते जवळून पाहावं लागतं. मॅडमनं पाहिलं आणि मला पंच केलं. फेटा नाही.

बायांना मिशांचं काही नव्हतं, त्यांना उंचीवर वाटलं. रंजी उंच. ती पांढऱ्यांकडे. म्हणजे आमच्या घरी.

बंडूच्या हे लक्षात आलं. तो धावतच निघाला, "मॅडम, गलती हो गयी, उलटं झालं." तेवढ्यात रंजीची माय बायांच्या घोळक्यातून पुढं आली. ही बाई भासऱ्यासमोर, म्हणजे आप्पांसमोर, कधी आवाज काढत नाही. त्या दिवशी साऱ्या गावादेखत म्हणाली,

"बंडू, तू काळीपिवळी चालव."

बंडू जागीच थांबला. तेव्हापासून आमच्या गावात कोणी नको तिथं शहाणपण करायला लागलं की हेच म्हणतात.

आप्पांनी फेटा हातात धरून बराच वेळ विचार केला. मग डोक्याला गुंडाळला आणि मला म्हणाले, "किसना, हे पिच्चरमंदी हाय. खऱ्यात नाही. हे समद्याले सांगून ठेव."

मी सांगून ठेवलं. इवायांनाही सांगितलं. ते म्हणाले, "त्याहीले सांगा, मीबी तेच म्हनून राहिलो."

* * *

बंडूलाही पिच्चरमध्ये काम मिळालं. लाल खानदानाचे लठैत त्याच्या जीपमध्ये बसणार, आणि जीप धुरळा उडवत आमच्या घरावर चालून येणार.

लठैत बसले. काठ्या वर झाल्या. मॅडम ओरडली, "ऍक्शन!"

जीप जागची हलेना.

पुन्हा ऍक्शन. पुन्हा तेच. मॅडम पळत गेली. "क्या हुआ? गाड़ी ख़राब है?"

बंडू स्टेअरिंगवर हात ठेवून निवांत बसला होता. म्हणाला, "मॅडम, अजून दोन सवारी की जगा है. भर गयी के निकलते."

* * *

आता रंजीचा किस्सा. हा मी पारावर फार सांगत नाही, पण लोक सांगायला लावतात.

सीन साधा होता. पांढऱ्या घरच्या बाया विहिरीवरून पाण्याचे हंडे घेऊन येतात आणि दारातून आत जातात. बस. त्यातली पहिली रंजी.

आप्पा तेव्हा तिकडं इवायांच्या ओट्यावर लाल फेट्यात बसलेले. इवाई आमच्या अंगणात खाटेवर. ऍक्शन झालं. रंजी हंडा घेऊन गल्लीतून आली. पोळ्याच्या त्या भांडणानंतर ती पहिल्यांदा त्या दाराकडे तोंड करून चालत होती. चाल जरा हळू झाली. उंबऱ्याशी आली, आणि कॅमेऱ्याच्या मागून तिची माय निघाली, एका हातात भाकरीचा तुकडा, एका हातात पाण्याचा गडवा. तिनं रंजीवरून तुकडा ओवाळला, बाजूला टाकला, पायावर पाणी घातलं, डोळ्यांना पाणी लावलं. लेक माहेरी आली की करतात तसं सगळं.

"कट! ये आंटी फ्रेम में कैसे आ गयी?"

रंजी हंडा डोक्यावर तसाच ठेवून म्हणाली, "माय हाय थे माही."

मॅडमला मराठी कळलं नसेल, पण माय कळलं. तिनं टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाली, "रख लो. अच्छा है. फिर से करते हैं."

पुन्हा रंजी गल्लीच्या टोकाला गेली, पुन्हा आली. पुन्हा तुकडा. मग ऊन बदललं म्हणून पुन्हा. मग कोंबडी मध्ये आली म्हणून पुन्हा. एका दिवसात माझी पोरगी कितीदा माहेरी आली, मी मोजलं नाही. भाकरी संपली तेव्हा शेजारून आणली. इवाई खाटेवर बसून सगळं पाहत होते. एकदाही उठले नाहीत. पिच्चरमध्ये ते त्या घरचे मालक होते, उठायचं कारणही नव्हतं.

संध्याकाळी आप्पा घरी आले. जेवताना मला म्हणाले, "आज इकडं काय शूटिंग होती?"

"पानी आनन्याची."

"किती येळा आनलं?"

"लय येळा."

आप्पांनी घास गिळला, मिशी पुसली. "उद्या अजून घ्या म्हना मॅडमले. एवढ्यानं काय पिच्चर होते?"

* * *

तिकडं इवायांच्या ओट्यावर आप्पांचा वेगळाच प्रश्न झाला. त्यांना सीन होता पाणी प्यायचा. घरातून बाई पितळी पेला आणून देते, आप्पा पाणी पितात आणि विचार करतात.

विचार करायला आप्पा तयार होते. पाणी प्यायला नव्हते. त्या घरचं पाणी कसं पिणार? पिच्चर असला तरी पाणी खरं. ते रोज घरून तांब्या भरून न्यायचे आणि पेल्यात त्यातलं ओतायचे.

त्या दिवशी ऊन असं होतं की ओट्यावर हात ठेवता येत नव्हता. मॅडमचं समाधान होईना. कधी पेला उलट्या हातात, कधी विचार कमी पडला. तांब्यातलं पाणी आटलं. आप्पा नुसती मिशी ओली करायला लागले. मॅडम म्हणाली, "अंकल, सच में पीजिए ना."

पुढच्या खेपेला पेला भरून आला. कुठून भरला ते कोणी विचारलं नाही, आप्पांनीही नाही. ऍक्शन झालं. आप्पांनी पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. मग विचार केला. असा विचार केला की मॅडमनं टाळ्या वाजवल्या.

आमचा सगळा भाग खारपाणपट्ट्याचा. विहिरीचं पाणी खारं. पण प्रत्येक घराला वाटतं की आपलं त्यातल्या त्यात गोड. परत येताना आप्पा रिकामा तांब्या हलवत चालले. देवळापाशी आल्यावर म्हणाले,

"किसना, त्याचं पानीबी आपल्यासारखंच खारं हाय रे."

* * *

मोठा सीन होता विहिरीवरच्या भांडणाचा. एका बाजूला आप्पा लाल फेट्यात, दुसऱ्या बाजूला इवाई पांढऱ्या फेट्यात आणि मध्ये मी पंच. डायलॉग दोघांना पाठ करून दिले होते. आप्पांनी म्हणायचं, मेरे जीते-जी तू इस कुएँ का पानी नहीं भरेगा. इवायांनी म्हणायचं, कुआँ तेरे बाप का है क्या? मला डायलॉग नव्हता.

ऍक्शन झालं. आप्पांचा चेहरा असा लाल झाला की फेटा फिका दिसायला लागला. त्यांनी बोट उगारलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

"किसना, त्याले सांग, मेरे जीते-जी तू इस कुएँ का पानी नहीं भरेगा!"

मला सवय. मी मान फिरवली, इवायांना सांगितलं.

इवाई माझ्याकडे वळले. "इवाई, त्याहीले सांगा, कुआँ तेरे बाप का है क्या."

मी मान फिरवली, आप्पांना सांगितलं.

"कट, कट, कट. अंकल, उनकी आँखों में देखके बोलिए. इनको क्यों बोल रहे हैं?"

आप्पा म्हणाले, "मॅडम, हमारा और उसका बोलना बंद है."

"लेकिन अभी तो आप लड़ रहे हैं!"

"भांडन हाय म्हनून तं बोलनं बंद हाय," आप्पा शांतपणे म्हणाले. पलीकडून इवाई मला म्हणाले, "त्याहीले सांगा, बराबर बोलून राहिले."

मॅडम विहिरीच्या काठावर बसली. पाणी प्यायली. मग कॅमेरावाल्याला म्हणाली, "ऐसा ही लो."

* * *

पॅकअप झालं तो दिवस मला आवडत नाही. गाड्या परतवाड्याकडे निघाल्या, जंगलातले सीन राहिले होते. रंजीनं पिच्चरचं लुगडं घडी करून दिलं, आपलं नेसली. अंगणातून बाहेर पडली. उंबऱ्याबाहेर मागं वळून पाहिलं आणि आपल्या गल्लीला लागली. पिच्चर संपला होता, आणि खऱ्यात बोलणं बंद होतं. तिची माय त्या दिवशी चूल पेटवून तशीच समोर बसून राहिली.

कपडेवाला मात्र घोळ घालत होता. दोन फेटे कमी भरत होते, एक लाल नि एक पांढरा.

आप्पा म्हणाले, "माकडानं नेला असन."

इवायांना विचारलं तर म्हणाले, "वाऱ्यानं उडाला बापा. लय वारा होता."

पान हलत नव्हतं. कपडेवाल्यानं झाडांकडे पाहिलं आणि निघून गेला.

* * *

पुढं पिच्चर अमरावतीला लागला. बंडूनं जीप भरली, आणि भरल्याशिवाय काढली नाही. आप्पा पुढं, इवाई अगदी मागं, मागच्या काचेकडे तोंड करून. रंजी आणि तिची माय मधल्या बाकावर शेजारी-शेजारी बसल्या. गाडीत बसायला कोणाची बंदी नव्हती.

टॉकीजमध्ये आम्ही आमचं गाव शोधत बसलो. जीप आली तशी गेली. आप्पांचा विचार बरा दिसला. विहिरीवरचं भांडण जवळजवळ सगळं कापलेलं, फक्त माझी मान इकडून तिकडं, तिकडून इकडं. मागून कोणी तरी म्हणालं, "किसनाबुवा, मानेनं लय चांगलं काम केलं तुमच्या."

मग आमचं दार आलं. रंजी पाठमोरी, डोक्यावर हंडा. मायच्या हातातला तुकडा दिसला, आणि पडद्यावर दुसरंच काही सुरू झालं.

रंजीची माय त्या अंधारात मोठ्यानं म्हणाली, "थांबवा नं थे जरासं."

शेवटी दोन्ही खानदानांचे म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात. बाहेर येऊन आम्ही चहाला थांबलो. आप्पा बशीत चहा ओतत मला म्हणाले, "त्याले सांग, शेवट खोटा होता. असं काही कोनी गळ्यात पडत नाही."

मी चार पावलं गेलो, सांगितलं. इवाई म्हणाले, "त्याहीले सांगा, मलेबी तसंच वाटलं."

परत येऊन सांगितलं. आप्पांनी दुसरा चहा मागवला.

* * *

आता शेवटचा. हा ऐकल्याशिवाय पारावरून कोणी उठत नाही.

पुढच्या पोळ्याची सकाळ. मी अंगणात बैलांची शिंगं रंगवत होतो. आप्पा ओट्यावर बसून गोंडे बांधत होते. बंडू गल्लीत गाडी धूत होता.

गल्लीच्या टोकाला पांढरं काही तरी दिसलं. इवाई येत होते. डोक्याला फेटा, तोच, पिच्चरचा. त्यांच्या मागं रंजी, डोक्यावर हंडा, आणि तिच्या पदराला धरून आमची नात. दारासमोर आले आणि थांबले. इवायांनी आप्पांकडे पाहिलं नाही. मला म्हणाले,

"इवाई, आमचा पानी आनन्याचा सीन जरासा राह्यला होता."

आप्पांनी हातातला गोंडा खाली ठेवला. उठले आणि घरात गेले. आतून पेटीचं झाकण आदळल्याचा आवाज आला. रंजीनं हंडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. मी ब्रश तसाच धरून उभा. रंग बैलाच्या डोळ्यावर ओघळायला लागला.

आप्पा बाहेर आले. डोक्याला लाल फेटा. मिशीला पीळ दिलेला. ओट्यावर आपल्या जागी बसले.

"किसना," ते म्हणाले, "घरात सांग, भाकरीचा तुकडा आना म्हना. रीटेक हाय."

सांगायची गरज पडली नाही. रंजीची माय तुकडा नि गडवा घेऊन दारात येऊनच उभी होती.

बंडू गाडी सोडून पुढं आला. सगळीकडे पाहत म्हणाला, "पन आप्पा, कॅमेरा कोठी हाय?"

आप्पांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी इवाईच म्हणाले, "बंडू, तू काळीपिवळी चालव."

आप्पांनी मान वळवली. सरळ इवायांच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाले,

"बराबर सांगतलं तुमी, इवाई. बसा."

मी दोघांच्या मध्येच उभा होतो. माझ्याकडे कोणी पाहिलंच नाही.